पुन्हा अवश्य भेट देईन

‘ब्लॉग कायमचा काढून टाकायचा?’ असं पडद्यावर आलं, तेव्हा बाबांनी माउसवरचा हात उचलून आधी चष्मा पुसला.

“थांबा,” लेक म्हणाली. “आधी स्पॅम तर बघू.”

“त्या उकिरड्यात काय बघायचंय?”

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात बाबांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्लॉग काढला. टाका का सुटतो, बॉबिन का अडकते, सगळं हातचं न राखता लिहायचे. सुरुवातीला प्रतिक्रिया येत. ‘अतिशय उपयुक्त माहिती. पुन्हा अवश्य भेट देईन.’ बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्या आईला वाचून दाखवायचे. अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्यांच्या. मग लेकीने सांगितलं, की या प्रतिक्रिया माणसांनी नाही, यंत्रांनी लिहिल्यात. नावावर टिचकी मारली की बुटांचं दुकान उघडतं. त्या दिवशी जेवताना बाबांनी मान वर केली नाही. लेकीने स्पॅम अडवणारी चाळणी बसवून दिली, आणि तेव्हापासून ब्लॉगवर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. लेख वाचलास का असं आईला विचारावं, तर तिचं ठरलेलं उत्तर, “मला नाही बाई तुमच्या मशिनीतलं काही कळत.”

लेकीने स्पॅमचा कप्पा उघडला. बूट, कर्ज, केस वाढवायचं तेल. आणि मध्ये मध्ये कुणी ‘एक वाचक’.

“याच्या नावाला दुकान जोडलेलं नाही,” ती म्हणाली. “पण दर लेखाखाली तीच ती ओळ. ‘पुन्हा अवश्य भेट देईन.’”

“तो पहिल्यांदा आला तेव्हा मीच स्पॅमचं बटण दाबलं. म्हटलं, आला परत बूटवाला.”

“मग चाळणी तुमच्याकडूनच शिकली की! तुम्ही एकदा बोट दाखवलंत, की तसं दिसणारं सगळं ती अडवते. शब्द बघते ती, माणूस नाही बघत.”

बाबा एकेक प्रतिक्रिया खाली सरकवत गेले. सुईचा लेख, पट्ट्याचा लेख, तेल कुठे सोडावं त्याचा लेख. कुणाच्या फारसा उपयोगी न पडणारा, गंजलेल्या स्क्रूवरचा लेखसुद्धा या वाचकाने सोडला नव्हता. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

‘अतिशय उपयुक्त माहिती. पुन्हा अवश्य भेट देईन. चहा मघाच ओट्यावर झाकून ठेवला आहे.’

लेकीला हसू फुटणार होतं. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. मग त्यांनी त्या ओळींपुढचं ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबायला घेतलं. सगळ्या एकदम सोडवता येतात, असं लेक सांगत होती, तरी ते एकेकच दाबत राहिले.

फडक्याला हात पुसत आई बाहेर आली.

“केला का बंद?”

“नाही,” बाबा म्हणाले. “एक वाचक सापडलाय. सगळं वाचतो म्हणे.”

आईने टेबलावर नसलेली धूळ झटकली.

“असेल कुणीतरी,” ती म्हणाली. “मग त्याला फार वाट बघायला लावू नका.”