खोल्याखोल्यांतलं कीर्तन

शरणप्पा बुवांनी कार्डावर इंग्रजीत 'गेस्ट्स' लिहिलं आणि शेवटच्या एसचं शेपूट जरा जास्तच लांब ओढलं.

यात्री निवासाचा तरुण व्यवस्थापक दिग्विजय काउंटरपलीकडून मान वाकडी करून वाचत होता.

"बुवा, नुसतं गेस्ट करा की. खोलीगणिक एक कार्ड लागणार. ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं."

बुवांनी मान हलवली. बोलता येत नव्हतं. दुधनीच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता गावोगाव कीर्तनं करून कमावलेला गळा, शस्त्रक्रियेत गेला तो गेलाच. उरल्या होत्या निवासाच्या इंग्रजी सूचना, आणि पहाटे प्रत्येक खोलीच्या स्पीकरवर लागणारं त्यांचंच जुनं कीर्तन.

आजची सूचना त्या कीर्तनाबद्दलच होती. पाहुण्यांची झोपमोड होते म्हणून तक्रारी आल्या होत्या. नको असेल त्यांनी दारामागचं बटण बंद करावं, असं लिहायचं होतं.

"तुमच्याच हातून लिहून घ्यायला मला बरं वाटत न्हाय," दिग्विजय म्हणाला. "पण लोक नेटवर लई शिव्या घालायलेत ओ."

बुवांनी बोलण्याऐवजी लिहायची पाटी जवळ ओढली. 'सभा एकदम उठत नाही. एकेक जण उठतो.'

"म्हंजे?"

'गेस्ट्स' म्हणून सगळ्यांना मिळून सांगितलं तर एखादा तरी शेजाऱ्याकडे बघून बटण दाबायला संकोचेल, एवढीच त्यांची आशा होती. ती पाटीवर मांडण्यासारखी नव्हती. त्यांनी अक्षरं पुसली, नवं कार्ड घेतलं आणि 'गेस्ट' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. सायराबानू फरशी झाडत होती. कीर्तन लागलं. सगळ्या दारांआडून एकच भरदार आवाज उठला. नमन पुरतं व्हायच्या आत एक दार गप्प झालं. मग त्याच्या शेजारचं. बटणाचा टक् बाहेरपर्यंत ऐकू येई. पूर्वरंग संपेस्तोवर जिन्याजवळचं तेवढं एक दार बोलत राहिलं.

बुवा उठले. चपला काढल्या आणि त्या दाराशी जाऊन उभे राहिले. कुणीतरी ऐकत होतं. त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"बुवा," सायराबानू मागून हळूच म्हणाली, "ती खोली रिकामी हाय. कालच गेले लोकं. भायेरनं कुलूप हाय की."

बुवांची नजर कडीवर गेली.

"किल्ली आणू का? बंद करते मी."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. आत कीर्तन गजरापर्यंत आलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर श्रोते नव्हते, तरी सवयीनं त्यांनी सभेच्या 'हर्र बोला हर्र' या उत्तरासाठी जागा सोडली होती.

"बोला, एकदा भक्तलिंग..."

बुवांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली. आतला आवाज एका श्वासापुरता थांबला, आणि पुढे निघाला.