दारात हत्ती मिळेल

आमच्या पहिल्या पाहुणीच्या आंघोळीचं पाणी हत्ती प्यायला, आणि त्या वेळी पाहुणी टबातच बसलेली होती. असं काहीही घडलेलं नाही. झेलेसी आत्याने वनखात्याच्या माणसाला तसं स्वच्छ सांगितलंय, आणि आमच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. तेव्हा जे घडलं नाही, ते कसकसं घडलं नाही तेवढं सांगतो.

आत्याने लुआंग्वा नदीकाठच्या एका लॉजमध्ये बावीस वर्षं चादरी धुतल्या. त्यातून अभयारण्याला खेटून पर्यटकांना भाड्याने द्यायला दोन खोल्यांचं घर बांधलं, मागच्या अंगणात उघड्यावर बाथटब बसवला आणि महिन्याची रजा टाकली. पहिल्या पाहुण्यांनी चांगलं लिहिलं, तर लॉजला कायमचा रामराम. नाहीतर रजा संपली की सोमवारी सकाळी सहाला पुन्हा चादरी.

जाहिरात मी लिहिली. पाहुणे नॉर्वेचे मिळाले, तोरुन आणि तिचा नवरा आयविंद.

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की अंगण झाडतात. आत्याने तीन दिवस झाडलं. माकडांना दगड मारून हाकललं. एका रानडुकराला खराटा घेऊन शाळेपर्यंत पळवलं, तिथे मुलांची प्रार्थना चालू होती, तो तिसऱ्या रांगेत उभा राहिला. एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली! हत्तीच्या शेणात मिरची कालवून आम्ही विटा करतो. रात्री मक्याभोवती जाळल्या की हत्ती फिरकत नाही. आत्याने त्या घराभोवती पेटवल्या, तीन दिवस आणि तीन रात्री.

शुक्रवारी दुपारी पाहुणे उतरले आणि शिंकले.

"प्राणी कुठे आहेत?" तोरुनने डोळे पुसत विचारलं.

मी ते आत्याला आमच्या भाषेत सांगितलं. आत्या फुलली. "सांग तिला, एक शिल्लक ठेवला नाही. माझ्या अंगणात सरडासुद्धा विचारून येतो."

मी तसंच सांगितलं. आयविंदने बायकोकडे पाहिलं, मग फोन काढला.

"तोंड का असं केलंय त्याने?" आत्या म्हणाली. "तिसाउके, खरं बोल. जाहिरातीत काय लिहिलंस?"

"दारात हत्ती मिळेल."

"कोणाच्या दारात?"

"आपल्या."

"मेल्या! हत्ती बघायला गाडीतून जातात. बघतात, परत येतात, आंघोळ करतात, झोपतात. आंघोळीला हत्ती कशाला लागतो?"

"आत्या, तो फोनवर दुसरं घर शोधतोय."

आत्याचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पडला. सोमवार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असावा. मग तिने पदर खोचावा तसं कमरेला गुंडाळलेलं चितेंग्याचं कापड घट्ट बांधलं आणि ओरडली, "विझव!"

आम्ही बादल्या घेऊन धावलो. वीट विझायची, मी शिंकायचो, आत्या पुढच्या विटेकडे.

"पण हत्ती असा लगेच कसा येईल?"

"का नाही येणार? नदीवर जायची वाट आहे त्याची. घर मीच मध्ये बांधलंय. तीन दिवस तहानलाय बिचारा."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"जाहिरातीत लिहिलं असतंस!"

"हो!"

"मग!"

तिकडे तोरुनने ठरवलं, जायचं तर निदान मिरची तरी धुऊन जावं. पाण्यात तिने मूठभर सुवासिक मीठ टाकलं आणि टबात बसली.

साडेपाचला पपईमागून तो आला. डावा कान फाटलेला. वाटेत टब. टबात पाणी, तेही खारट, म्हणजे त्याच्या लेखी मेजवानीच. त्याने सोंड बुडवली.

"तिला सांग, हलू नकोस!" आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुजबुजली. "आणि साबण लावू नकोस म्हणावं, त्याच्या पोटाला बाधेल!"

मी दोन्ही निरोप कुजबुजून पोचवले. पाणी उतरत गेलं. ते बरंच उतरल्यावर मी सभ्य माणसासारखे डोळे मिटून घेतले, त्यामुळे पुढचं आयविंदच्या सांगण्यावरून: हत्तीने टब कोरडा केला, तोरुनचे केस हुंगले, तिच्या डोक्यावर एक ऊन सुस्कारा सोडला आणि टॉवेल घेऊन नदीकडे गेला.

मग टबातून अशी किंकाळी आली, की पपई पडली.

"गेलं घर!" आत्या खाली बसली. "निघाली ना ती? काय म्हणतेय?"

"उद्या पुन्हा हवंय म्हणतेय."

"हत्ती?"

"आंघोळ. हत्तीसकट."

ते सहा दिवस राहिले आणि त्यांनी जे लिहिलं, ते वाचून एकोणीस जणांनी घर मागितलंय. सगळ्यांना संध्याकाळी साडेपाचची आंघोळ हवी. ते गेल्यावर, रजा संपली त्या सोमवारी सहाला आत्या लॉजवर गेली, पण एप्रन परत द्यायला. आल्या आल्या तिने मला अर्ज लिहायला बसवलं.

मा. वन्यजीव अधिकारी यांस,

विनंती अर्ज करते की, डावा कान फाटलेल्या हत्तीची आमच्या घरी रोज सायंकाळी ठीक साडेपाच वाजता नेमणूक करण्यात यावी. रविवार व सणाची सुट्टी त्यास देऊ नये. तो आजारी असल्यास तेवढ्याच मापाचा बदली हत्ती द्यावा, आणि तशी लेखी सूचना दोन दिवस अगोदर मिळावी, ही नम्र विनंती.