बोट ओळीवर ठेव

माझा मुलगा मास्तर आहे, हे मी ज्याला त्याला सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. मी स्वतः दुसरीत शाळा सोडली, जन्मभर शिवणयंत्र चालवलं, त्याच शाळेचे गणवेश शिवून त्याला शिकवलं. एवढा तोरा माझा हक्काचा होता. घरातही मी त्याला मास्तरच म्हणायचे.

शाळेचं म्हणाल तर नुसता आनंद होता. मधल्या सुट्टीत गेलेली मुलं परत यायची नाहीत. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली हरवलेली. चौथीतल्या मुलाला दुकानावरची पाटी वाचता येत नसे. पण मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर जायचा. आईला आणखी काय दिसतं?

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. ठेंगण्या, काटकुळ्या, पायाला जराही उसंत नाही. पोरांनी आठवड्याच्या आत नाव ठेवलं, मुंगी. पहिल्याच दिवशी त्यांनी शिपायाकडून कपाटाचं कुलूप फोडून घेतलं. रोज सकाळी फाटकात उभ्या राहायच्या आणि उशिरा येणाऱ्या मुलांना सोडून शिक्षकांना घड्याळ दाखवायच्या. पहिलीचा वर्ग स्वतः घ्यायच्या. उरलेल्या वेळात कुठल्याही वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायच्या, गुडघे हनुवटीला लावून. शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक तासभर थांबायचे. एकाने धडा शिकवायचा, बाकीच्यांनी मुलं व्हायचं आणि मुलांसारखे प्रश्न विचारायचे.

"चाळिशी उलटली माझी, आणि ही बाई मला बाकावर बसवते," मास्तर जेवताना म्हणाला.

"बसवू दे. असल्या बायका फार टिकत नाहीत," मी म्हटलं.

मुंगी टिकली. तिने आणखी एक नेम सुरू केला. एकेका मुलाला जवळ बसवायचं, घरच्या माणसालाही बोलवायचं आणि त्याच्यासमोर मुलाला वाचायला लावायचं. मास्तरच्या वर्गाची पाळी आली. त्याच्याच वर्गात त्याची मुलगी, माझी नात ठकी. तिसरीत.

आठ दिवस आधी मी तिला पुस्तक घेऊन बसवलं. मलाही जेमतेमच वाचता येतं. एका अक्षरावर बोट ठेवलं तर पोर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. दुसऱ्या अक्षरावर ठेवलं, तेच. मी मास्तरला एका शब्दाने विचारलं नाही. यंत्राशेजारी पाट मांडला आणि पहिला धडा तिच्याकडून घोकून घेतला. कुठे थांबायचं, कुठे पान उलटायचं, सगळं.

"बोट ओळीवर ठेव. तोंडाबरोबर पुढे सरकव, म्हणजे वाचल्यासारखं दिसतं," मी शिकवलं.

"आई, ह्याला वाचणं म्हणत नाहीत," सून दारातून म्हणाली.

"तुझ्याच नवऱ्याची अब्रू झाकतेय. तू तुझी भाकरी बघ."

त्या दिवशी मुंगीच्या खोलीत आम्ही चौघं. ठकी तिच्याजवळ स्टुलावर, मी खुर्चीवर, मास्तर भिंतीला टेकून उभा. ठकीने घडाघडा सुरुवात केली. बोट अगदी झकास सरकत होतं. मी मास्तरकडे बघून मान ताठ केली.

मुंगीने हळूच आपला पंजा पानावर ठेवला. ओळी झाकल्या. ठकी तशीच म्हणत राहिली. एक ओळ, दोन, चार. मग तिच्या लक्षात आलं आणि ती गप्प झाली.

मुंगीने दुसरं पान उघडलं. ठकीने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"सर?" मुंगी म्हणाली.

"पोर मंद आहे, बाई," मास्तर म्हणाला. "घरच्यांना माहीत आहे. डोक्यात शिरतच नाही तिच्या."

ठकीने ते बोट फ्रॉकला पुसलं. बोटाला काही लागलं असावं तसं.

"आजी, तुम्हाला काय वाटतं?" मुंगीने विचारलं.

मास्तर माझ्याकडे बघत होता. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून घरात पळून यायचा, तेव्हा असाच बघायचा. आणि मी दारात जाऊन ठणकावून सांगायचे, माझा मुलगा सकाळपासून घरातच आहे. आताही तेवढंच करायचं होतं. नुसती मान हलवायची.

"सात दिवसांत अख्खा धडा पाठ केलाय हिने," मी म्हटलं. "मंद पोरीला जमलं असतं? हिला कुणी शिकवलंच नाही. आणि हे घोकून मी घेतलं, ह्याची लाज झाकायला."

"आई!"

मुंगीने आवाज चढवला नाही. "सर, एक वर्ष माझ्या वर्गात या. आपण दोघं मिळून शिकवू. मग तुमचा वर्ग तुम्हाला परत," एवढंच म्हणाली.

चांगलं बोलली होती. दुसऱ्या कुणी ऐकलंही असतं. पण मानेचा ताठा माझ्यावर गेलेला. महिन्याच्या आत त्याने दूरच्या गावी बदली मागून घेतली. ठकीची शाळा सुटू नये म्हणून सून इथेच राहिली. निघताना मी डबा पुढे केला.

"मास्तर, एवढं तरी..."

"मास्तर म्हणू नकोस मला," तो म्हणाला. डबा माझ्या हातातच राहिला.

दोन वर्षं झाली. शाळेत आता बाक पुरत नाहीत. लांबच्या वस्तीतली मुलं येतात, मला पूर्वीच्या दुप्पट गणवेश शिवावे लागतात. ठकी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते. लोक म्हणतात, तुमची नात हुशार हो. मी यंत्र जोरात चालवते.

परवा त्याचं पत्र आलं, ठकीच्या नावाने. त्याचं घाईचं अक्षर मला लागत नाही, म्हणून तिलाच वाचायला सांगितलं. तिने बोट ओळीवर ठेवलं. अभ्यास कर, आईला त्रास देऊ नकोस, सुट्टीत तुला न्यायला येईन. बोट सरकत सरकत त्याच्या सहीवर गेलं आणि थांबलं. ठकीने माझ्याकडे बघितलं. मग बोट सहीच्या खाली उतरलं.

"आजीला सांग, मी रागावलेलो नाही," तिने वाचलं.

जन्म सुईपुढची बोटं बघण्यात गेला माझा. त्या बोटाखाली नुसता कोरा कागद होता.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. एक अक्षरही न चुकता.