छत्रीवाली बाई

दियाच्या शाळेत सध्या व्हिक्टोरियन काळ चालू होता. मिसने वर्गाला त्या वेळचं एक व्यंगचित्र दिलं होतं. समोरून धडधडत आगगाडी येतेय, इंजिनावर ‘सुधारणा’ असं लिहिलंय आणि रुळांवर एक जाडजूड बाई छत्री उघडून तिला अडवायला उभी आहे.

वीणाला हसू फुटलं. सांगलीच्या कॉलेजात इतिहास घेऊन केलेल्या बी.ए.चा आखातातल्या, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच उपयोग होत होता. “अगं, आणखी लोकांना मत द्यायचा हक्क द्यावा असं बिल सरकारने आणलं, की जुनी मंडळी अशी घाबरायची. बाईला वाटतंय, छत्रीने गाडी थांबेल!”

“आय नो, मम्मा. मिस टोल्ड अस.” दियाने वही ओढून घेतली. आता घरातल्या एखाद्या सुधारणेवर तिला चित्र काढायचं होतं.

घरात एकच सुधारणा गाजत होती, शाळेची बस. दहा वर्षांच्या दियाला सोमवारपासून बसनेच जायचं होतं. तिचा बाबा उल्हास पंधरा-पंधरा दिवस समुद्रात, तेलाच्या रिगवर. त्याला तिने फोनवरच फितवलं होतं. “जाऊ दे की गं तिला,” तो म्हणाला. वीणाने उन्हाचं कारण काढलं, ड्रायव्हरच्या वेगाचं काढलं, मोठ्या मुलांचं काढलं. एक तेवढं बोलली नाही. रोज छत्री धरून दियाला चालत पोचवायला गेली, की शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या एका मुलाची आई, सफा भेटायची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघी भाजीपासून सासूपर्यंत बोलायच्या. दिवसभरात वीणाशी बोलणारं मोठं माणूस तेवढंच.

दिया आंघोळीला गेल्यावर वीणाने वही उघडली. पिवळी बस. पुढ्यात बाई, काखेत डबा, गळ्यात पाण्याची बाटली, हातात उघडी निळी छत्री. वीणाच्या छत्रीसारखीच एक काडी मोडलेली. बसमधली सगळी पोरं खिदळत होती. दियासारख्या दोन वेण्यांच्या एका मुलीने मात्र तोंड हातांनी झाकून घेतलं होतं.

“इट्स जस्ट अ जोक, मम्मा.” दिया ओल्या केसांनी दारात उभी. “आर यू अँग्री?”

“नाही गं. काडी बरोब्बर जमलीय.” वीणाने वही मिटली. “बाबाला सांग, बिल पास झालं.”

“रिअली? यल्ला, लेट्स गो!” दिया फोनकडे पळालीसुद्धा.

सोमवारी बस आली. वीणा मिटलेली छत्री घेऊन दोन पावलं मागेच थांबली. दिया मागे न बघता चढली. बस वळली.

“मॅडम, आज आप नहीं गये?” वॉचमन मोहिद्दीनने विचारलं.

“नहीं. अब बस है ना.”

त्याने लिफ्टचं दार धरून ठेवलं. वीणाला वर जायची घाई नव्हती.