झोपवलेलं लोखंड

टॅक्सीतळामागच्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाव नव्हता. ज्यांना महाराज दिसत नव्हते ते गाड्यांच्या टपांवर चढले होते. मधोमध टेबलावर गंजून तांबडालाल झालेला लोखंडी दांडा होता. लोहमहाराजांनी त्यावर तांब्यातली मात्रा ओतली, डोळे मिटले, ओठ हलवले. बघता बघता दांडा काळा पडला. मग त्यांनी गर्दीतल्या सर्वांत आडदांड ड्रायव्हरच्या हातात घण दिला. घण उसळून परत आला, दांड्याला साधा पोचाही नाही.

"लोखंडालाही मन असतं," महाराज म्हणाले. "तुम्ही त्याला खड्ड्यांत आपटता, शिव्या घालता. ते रुसतं. रुसवा म्हणजेच गंज. आम्ही फक्त समजूत काढतो."

हेच गृहस्थ काही वर्षांपूर्वी घरांच्या छपरांना डांबर फासत असत, हे ठाऊक असणारेही तिथं होते. पण डांबरवाल्याला साक्षात्कार होऊ नये असा काही नियम नाही.

मात्रेसाठी लागलेल्या टॅक्स्यांच्या रांगेत पुढेच दादा नावाच्या ड्रायव्हरची गाडी होती. मागच्या सीटवर उशीला टेकून त्याची बायको बसली होती. तळावर सगळे तिला बाई म्हणत, कारण अर्ध्या तळाला तिनं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मग तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आता दिवसाआड नदीपलीकडच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायचं, त्यावरच तिचं जगणं चाललं होतं. बसची पायरी तिला चढवत नव्हती. दादाची गाडी होती म्हणून ती होती.

"अहो, वेल्डर काय म्हणाला होता?" तिनं विचारलं.

"किती वेळा सांगू? चासीचा सडलेला भाग कापायचा, नवा जोडायचा. घासून लखलखीत लोखंड काढायचं, मग रेड ऑक्साइडचं अस्तर, मग रंग, दांड्यांच्या पोकळीत मेण. गाडी महिनाभर उभी राहील."

"मग करायचं ना."

"आणि तू महिनाभर कशात जाणार?"

यावर उत्तर महाराजांकडे होतं. मात्रा लावा आणि संध्याकाळी गाडी घरी न्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर तांब्याभर आधार मिळत होता.

या तळाची एक जुनी रीत होती. सकाळी गाडी काढण्याआधी ड्रायव्हर खाली वाकायचा, चासीच्या दांड्यावर पाना ठोकायचा आणि कान द्यायचा. निरोगी लोखंड टणकन वाजतं, सडलेलं थप्प करतं. पण पहिली मात्रा देऊन वर काळा लेप फासताना महाराजांनी बजावलं होतं, "आता लोखंड झोपलंय. त्याला ठोकाल तर गुण जाईल." तेव्हापासून तळावर ठोकाठोकी बंद होती. दादाला खरं तर बरंच वाटलं होतं. रोज सकाळी तो आवाज ऐकायची त्याची छाती उरली नव्हती.

महाराज गाडीखाली वाकले. तिथं सगळं काळंभोर, चकचकीत होतं. "वा! पहिल्या मात्रेनं चांगला गुण आलाय. आज दुसरी दिली की निर्धास्त व्हा."

"महाराज, थांबा जरा," बाईंनी काच खाली केली. "अहो, तुमच्या थर्मासमध्ये कोरा चहा आहे ना? तो डिकीतल्या गंजक्या जॅकवर ओता."

दादानं ओतला. चहा कडक होता, उकळून उकळून कडू झालेला. लोक हसले, मग कंटाळले, आणि मग हसायचे थांबले. जॅकचा तांबडा रंग हळूहळू काळा पडत होता.

"चहात तुरटपणा असतो. तो गंजाला भिडला की काळा होतो," बाई म्हणाल्या. दम लागत होता, तरी आवाज वर्गातला होता. "तांब्यातही तसलाच तुरट अर्क असणार, जरा जास्त कडक. वरवरचा गंज त्यानं काळा होतो, थोडा थांबतोही. पण जे लोखंड खाऊन गेलं ते परत येत नाही. आणि महाराजांचा दांडा भरीव आहे, नुसता वरून गंजवलेला. त्यावर घण उसळणारच. आपल्या गाड्यांचे दांडे पोकळ आहेत, ते आतून सडतात."

"बाई आजारी आहेत," महाराज गर्दीला म्हणाले. "त्यांचं मन थाऱ्यावर नाही. सांभाळून घ्या."

"महाराजांना त्रास देऊ नका, बाई," आडदांड ड्रायव्हर गुरकावला.

"मी कशाला देऊ? अहो, पाना घ्या आणि ठोकून बघा."

दादाला तिचा राग आला, अगदी मनापासून आला. तो खिडकीशी वाकून पुटपुटला, "अगं, नको ना. ठोकलं आणि गाडी गेली तर?"

"तर ती आधीच गेलेली असेल."

"उद्या कशात जाशील?"

"पुलावर चासी मोडली तर उद्या येणारच नाही. ना माझा, ना तुमचा."

तो जमिनीवर उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. पाना ठोकला. थप्प. त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा ठोकला, जोरात. पाना मुठीपर्यंत आत घुसला. तपकिरी पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, त्यातून गंजाच्या खपल्या आल्या. पाणी निघून जावं म्हणून दांड्याच्या पोटाला भोकं ठेवलेली असतात. मात्रेवर महाराजांनी फासलेल्या जाड काळ्या लेपानं ती बुजवून टाकली होती. वरून साज चढवला होता आणि आत पाणी कोंडून लोखंड कुजवत ठेवलं होतं. दादा तिथंच पडून रडला.

"पाहिलंत?" महाराज ओरडले. "ठोकलंत आणि गुण गेला!"

काही माना हलल्याही असत्या. बाईंनी विचारलं, "मग एवढं पाणी काय पान्यानं आत नेलं?"

एकेक जण पाना घेऊन आपापल्या गाडीखाली शिरला. थप्प, थप्प, टण, थप्प. या गडबडीत महाराजांनी तांब्या उचलला आणि फाटक गाठलं. त्यांना अडवायचं भान कोणाला नव्हतं. चाकांशी टेकून बसलेल्या माणसांना घरी काय सांगायचं हेच सुचत नव्हतं.

गंजाला रुसवा कळत नाही, त्याला हवा आणि पाणी कळतं. ते अडवायचं तर आधी गंज खरवडावा लागतो, सडलेलं कापावं लागतं आणि तेवढे दिवस सोसावे लागतात. ज्यावर आपल्या माणसाचा जीव तोलायचा, ते तपासू नका असं कोणी सांगितलं, तर तो देवाचा माणूस असो की डांबराचा, तिथूनच मागं फिरावं. श्रद्धेला पारख सोसत नसेल तर ती श्रद्धा नाही, भीती आहे.

आडदांड ड्रायव्हर आपल्या गाडीखालून बाहेर आला. कोपरं मातीनं भरली होती. बाईंच्या खिडकीपाशी येऊन तो खाली बघत उभा राहिला.

"माझी टणकन वाजतेय, बाई. सगळीकडं ठोकली. उद्या सकाळी दारात गाडी लावतो."

"आणि त्यानंतर?" दादानं विचारलं. त्याच्या बाहीतून अजून पाणी गळत होतं.

ड्रायव्हरनं रांगेकडं पाहिलं. "त्यानंतर कोणाची गाडी, तेही ठोकूनच ठरवू."