दोघंही उजवीकडे

उद्या सकाळपर्यंत पाणी मिळालं नाही तर आमचा बियाण्याचा कांदा हातचा गेला, इतकं ते साधं होतं. बियांचे गोंडे भरायला आले आणि आमची बोअर ऐन वेळी आटली. पाणी होतं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे, माझ्या थोरल्या दिरांच्या, राजकुमारभाऊजींच्या विहिरीत. पण ते आणि माझा नवरा शेखर तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण त्याच धुऱ्याचं, कुणी किती कोरला याचं.

माझ्या शब्दाखातर भाऊजी तयार झाले. पाइपाची नाली ज्याने त्याने आपल्या वावरात खोदायची आणि धुऱ्यावर, हद्दीच्या दगडापाशी मिळवायची. निरोप्या अर्थात मीच. नशीब माझं!

दुपारी दोघांच्या भाकरी पोचवून मी घरी आले. मी शाळेत इतिहास शिकवते. सोमवारी रोमन जलवाहिन्यांवर तास होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक ओळ वाचायची आणि उठून दारात यायचं. आफ्रिकेतल्या एका डोंगरात रोमन लोकांनी पाण्यासाठी दोन्ही टोकांनी बोगदा खणायला घेतला. काही वर्षांनी, आखणी करून गेलेल्या मोजणीदार नोनियस दातुसला परत बोलावणं आलं. वाटेत चोरांनी त्याला मारहाण करून नागवं केलं, तरी बिचारा पोचला. बघतो तर दोन्ही टोळ्या आपापल्या उजवीकडे सरकलेल्या. डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त खणूनही भेट नाहीच.

पुस्तक तसंच टाकून वावराकडे पळाले.

दोन्ही नाल्या आपापल्या उजवीकडे सरकून धुऱ्याला भिडल्या होत्या. मधे दगड, आणि चांगलं पंधरा हातांचं अंतर. ऊन कलायला लागलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"दगड दिसत नाही काय? तिकडं काऊन गेले?" मी शेखरवर ओरडले.

"दगडासमोर पलीकडं वहिनीचं सीताफळ हाये. मुळ्या तुटल्या असत्या त्याच्या."

तशीच भाऊजींकडे गेले.

"दगडासमोर तुमचा गोंड्यायचा वाफा येते," ते खाली बघत म्हणाले. "भरल्या पिकात कुदळ घालू देऊ काय त्याले? म्हणून बाजूनं घेतली."

तीन वर्षं यांचे सगळे निरोप मी वाहिले, आणि नेमकं हेच कुणी माझ्याकडे दिलं नव्हतं. मला रडूच फुटलं. हद्दीच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "आता मी कोणाचा निरोप नेत नाही. कान दोघांचे शाबूत हायेत."

पलीकडे पाइपांचा ढीग तसाच पडून होता. मग भाऊजींनी हातावर थुंकून कुदळ उचलली आणि धुऱ्यावरच पहिला घाव घातला.

"शेखऱ्या, धुराच फोडू बे. मी इकडून येतो, तू तिकडून ये. अन् आता बोलत बोलत खोद."

"हाव, दादा," शेखर म्हणाला, आणि दोघंही डावीकडे वळले.