दोन बादल्या कोमट पाणी

"कोण आजारी आहे?" रजिस्टरमधून मान वर न काढता कमला सिस्टरनं विचारलं.

"आजारी असं नाही," उमाकांत म्हणाला. "घरी मुलगी आहे माझी. बारा वर्षांची."

"मग?"

"कालपासून ती... म्हणजे, बाजूला बसलीय."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. कारखान्याच्या दवाखान्यात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, तरी उमाकांतनं मागे वळून दार बघून घेतलं. अकरा वर्षं तो इथे ड्राफ्ट्समन होता. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायचा आणि त्याच्या चित्रात केसभर चूक निघत नसे. बोलायची वेळ आली की मात्र त्याची जीभ जड व्हायची. घरातलं बोलायचं काम त्याच्या बायकोचं, प्रेमाचं होतं. प्रेमाला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

"अंघोळ करते का ती?" कमला धारवाडकडची, मराठी सफाईनं बोलायची.

"तेच तर विचारायचंय. निपाणीहून माझी थोरली बहीण आलीय. ती म्हणते, चार दिवस पाणी लागू द्यायचं नाही, आतल्या आत रक्त गोठतं. पोरगी इतकी घाबरलीय की सकाळी तोंड धुवायलासुद्धा उठेना."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय, सिस्टर? म्हणून तर आलो."

कमला हसली. "अय्यो, हे विचारायला आलेला या कारखान्यातला पहिला बाप तुम्ही. बसा. मी सांगते, तुम्ही घरी जाऊन तिला सांगा."

"सांगणं जमायचं नाही. लिहून घेतो."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली, टोक तपासलं आणि कमला सांगत गेली तसा तो लिहीत गेला. रोज अंघोळ. दोन बादल्या कोमट पाणी. डोक्यावरून घेतलं तरी चालतं. खालची जागा बाहेरून नुसत्या पाण्यानं धुवायची, साबण नको. पुढून मागे.

"पुढून मागे म्हणजे?" त्यानं सवयीनं विचारलं. दिशा स्पष्ट नसली तर तो कागद पुढे पाठवत नसे.

"तिला कळेल. तुम्ही तिथे बाण काढू नका म्हणजे झालं."

उमाकांतचे कान लाल झाले, पण तोही हसला. पुढचं त्यानं मुकाट्यानं लिहिलं. कापडाच्या घड्या तीन-चार तासांनी बदलायच्या. आधी थंड पाण्यात भिजवायच्या, गरम पाण्यानं डाग बसतो. मग साबण लावून कडक उन्हात वाळवायच्या.

संध्याकाळी तो बसवनगुडीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आला तेव्हा थोरली बहीण कृष्णाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या आणि नयना मागच्या पडवीत चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्यानं तिच्यापुढे एक घडी केलेला कागद ठेवला.

"वाच. काही अडलं तर विचार."

नयनानं घडी उलगडली. चारी बाजूंनी ठळक रेघ, आत छापल्यासारखी अक्षरं आणि एकाखाली एक आकडे. उजव्या कोपऱ्यात चौकट होती. विषय: अंघोळ. काढणार: उ. ब. कंग्राळकर. तपासणार: सि. कमला. प्रमाण: एकास एक.

दोन दिवसांत ती पहिल्यांदा खुदकन हसली. "बाबा, अंघोळीला कसलं प्रमाण?"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

तिनं सगळं नीट वाचलं. मग कागदाआडून बारीक आवाजात विचारलं, "पण खरंच गोठत नाही ना?"

हे त्याला सांगता येण्यासारखं होतं. तो पायरीवर टेकला. "तुला ताप आला की आपण काय करतो? थर्मामीटर लावतो. ताप नसताना किती असतं?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"उन्हाळ्यात?"

"तेवढंच."

"आणि आत्ता डिसेंबरात?"

"तेवढंच." ती थांबली. "म्हणजे बाहेरून पाणी ओतलं तरी आतलं तेवढंच राहतं."

"बघ की. मी कशाला सांगू मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्यानं बंब पेटवला. नारळाच्या करवंट्या तडतडायला लागल्या तशा कृष्णाबाई बाहेर आल्या.

"उमा, आज तिसराच दिवस आहे. कुणासाठी तापवतोयस?"

"नयनासाठी, आक्का."

"प्रेमा नाही म्हणून पोरीच्या जिवाशी खेळणार होय? काही झालं तर तिला पुढं कोण करून घेणार?"

उमाकांतच्या हातातली करवंटी हातातच राहिली. आईमागे आक्कानंच त्याला आपल्या घरी नेऊन वाढवलं होतं. तिच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. तो बंबाकडे बघत राहिला, पण तिथून हलला नाही.

नयना टॉवेल घेऊन दारात आली. "आत्या, तू या दिवसांत कधीच नाही केलीस अंघोळ?"

"कुठली करतीय! तेरा वर्षांची होते, सासरी. चार दिवस गोठ्यात बसवलं. मांड्या सोलपटून निघाल्या होत्या, पाऊल टाकता येत नव्हतं. नुसतं दोन तांबे पाणी मागितलं, तर..."

भाऊ समोर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग नयनाला म्हणाल्या, "जा. निवायच्या आत घे पाणी."

नयना न्हाणीत गेली. थोड्या वेळानं पाण्याच्या आवाजातून तिची हाक आली, "बाबा, काहीच नाही होत! उलट बरं वाटतंय!"

रस्त्यावर कारखान्याच्या बसनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बस उमाकांतला न घेता गेली.

नयना ओले केस सोडून पायरीवर उन्हात येऊन बसली. कृष्णाबाई खांबाला टेकून तिच्याकडे बघत होत्या.

"आक्का, बंबात पाणी उरलंय," उमाकांत म्हणाला. "तू घे."

"माझी झालीय पहाटे."

"थंड पाण्यानं झालीय."

विधवा झाल्यापासून, पंधरा वर्षं, त्या थंड पाण्यानंच अंघोळ करत होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं. मग दोरीवरचं लुगडं ओढलं. त्यानं न्हाणीत दोन बादल्या नेऊन ठेवल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आतून तांब्याचा आवाज येऊ लागला. एक, मग दुसरा. मधे बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकामागून एक तांबे.

"बाबा," नयना हळूच म्हणाली, "आत्या सगळं पाणी संपवणार."

उमाकांतनं गार पाण्याची आणखी एक बादली बंबात ओतली आणि खाली दोन करवंट्या सारल्या.